कल्पना गोळा कराव्या लागतात

डिझाइन किंवा उपयोजित कलेच्या महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींना कधी ना कधी एक अवघड काम मिळते. विषय अगदी मोकळा असतो : ‘पाणी’, ‘घर’ किंवा ‘प्रवास’. काय बनवायचे, कशातून बनवायचे, काहीच ठरलेले नसते. ‘प्रयोग करा,’ एवढेच सांगितलेले असते. मोठ्या शहरातली मुले कलादालने आणि प्रदर्शने पाहायला निघतात. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातून आलेली मुलगी मोबाइल उघडते, परदेशातली शे-दोनशे चित्रे साठवते आणि त्यातलेच एखादे थोडे बदलून पुढे ठेवते. ‘आमच्या गावात बघण्यासारखे आहे तरी काय?’ असे तिला वाटत असते.

परीक्षक विचारतात, ‘हे तुला कुठून सुचले? हाच आकार का?’ तिच्याकडे उत्तर नसते. गुण जातातच, पण ‘हे क्षेत्र आपल्यासारख्यांचे नाही’ हा समजही मनात घर करतो. मग अब्बा म्हणतात, ‘त्यापेक्षा डी.एड. केले असते तर बरे झाले असते.’ अशाने एखादी हुशार मुलगी मागे फिरते.

कल्पना एकदम आकाशातून पडत नाहीत. दाणा दाणा वेचावा तशा त्या गोळा कराव्या लागतात. दिंद्रुडमध्येही त्यांची उणीव नाही. त्या कशा वेचायच्या, तेवढे समजून घेऊ.

लोट्याला विचारलेले प्रश्न

भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर जोडपे आपला देश फिरले. १९५८ साली त्यांनी सरकारला अहवाल दिला आणि त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात त्यांनी भारतातल्या वस्तूंमध्ये सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले असेल? एखाद्या महालाचे नव्हे, घरोघरच्या लोट्याचे!

त्यांनी लोट्याला जणू प्रश्नच विचारले. यात पाणी किती मावते? तो डोक्यावर, कमरेवर की हातात धरायचा? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो? धार कशी पडते? घासायला सोपा आहे का? मोडीत काढला तर किती पैसे येतील? साध्या भांड्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा विचार आहे, हे त्यांना अशा प्रश्नांतून उमगले.

आता आपल्या घरातला वुजूचा तोटीचा लोटा, म्हणजे बधना, समोर ठेवा. तोटी नेमकी कोणत्या उंचीवर आहे? एका हाताने ओतताना मनगट किती वळते? एका वुजूला किती पाणी लागते आणि नळ सोडून केला तर किती? पाणी जपून वापरण्याची शिकवण आपल्याला आहेच. मापाच्या भांड्याने मोजा, चारही बाजूंनी चित्र काढा. तांब्याचा, ॲल्युमिनियमचा आणि प्लास्टिकचा बधना शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘पाणी’ या विषयाचा अर्धा प्रकल्प इथेच हाती लागतो. ‘हे कुठून सुचले?’ या प्रश्नाला मग खणखणीत उत्तर देता येते.

नक्कल आणि प्रेरणा

दुसऱ्याचे काम पाहूच नये, असे मात्र नाही. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहून लोक सहज म्हणतात, ‘ही तर ताजमहालाची नक्कल.’ मकबऱ्याचा शिल्पकार अताउल्ला हा ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बापाचे काम त्याच्या डोळ्यांसमोर होतेच. पण इथे सगळीकडे संगमरवर वापरणे शक्य नव्हते. घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवरी करून बाकी बांधकामावर त्याने बारीक गिलावा चढवला आणि त्यात नक्षी उठवली. कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळी तर तासभर उभे राहून पाहावी अशी आहे.

औरंगाबादच्या हिमरूचीही गोष्ट तशीच. जरीचा किनखाब श्रीमंतांनाच परवडायचा. विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र आणून त्याच थाटाचे वेगळे कापड विणले. साधन कमी पडले, तिथून नवे रूप निघाले. ज्याच्या हाताशी महागडे सामान नाही, त्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

बगदादमध्ये १९५० साली जन्मलेली झाहा हदीद लंडनला वास्तुकला शिकत होती. १९७६-७७ च्या आपल्या अखेरच्या विद्यार्थी प्रकल्पात तिने मालेविच या चित्रकाराने घडवलेल्या, घरांसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या ठोकळ्यांची रचना आधाराला घेतली. पण तिने स्वतःचा एक प्रश्न त्यात घातला : या रचनेतून टेम्स नदीच्या पुलावर चौदा मजली हॉटेल उभे करता येईल का? त्यासाठी तिने रंगवलेले चित्र आजही अभ्यासले जाते. २००४ साली वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला ठरली. दुसऱ्याकडून काही घेतले, तर त्याला आपला प्रश्न जोडावा, हा त्यातला धडा.

गावात काय पाहावे?

बीडला जाणे झाले तर खजाना बावडी जरूर पाहा. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधून घेतली. भुयारी नहरींमधून पाणी विहिरीत येते आणि पुढे शेतीकडे जाते. जमिनीचा उतार ओळखून केलेली ही रचना दुष्काळी मुलखातल्या मुलांना खूप काही शिकवील. धारूरचा किल्ला तर दिंद्रुडहून आणखी जवळ.

मशिदीची जाळी, जुन्या वाड्याच्या दारावरची नक्षी, नानीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, यांचेही चित्र काढावे. कंपासने वर्तुळ काढा, तेच अंतर परिघावर सहा वेळा मारा, षटकोन मिळेल. दोन सारखे चौरस एकमेकांवर ठेवून एक अर्धा काटकोन फिरवा, आठ टोकांचा तारा तयार होईल. कितीतरी जाळ्यांचे मूळ या दोन कृतींत आहे. सजीवांची चित्रे काढण्याबद्दल काही घरांत संकोच असतो. अशा मुलांनाही भूमिती, सुलेखन, वेलबुट्टी, कापड, भांडी आणि फर्निचर एवढे मोठे अंगण मोकळे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली, म्हणून नजरेआड झालेली. दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. एका गाडीत अख्खा संसार भरला जातो. फडाजवळ बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाची कोपी उभी राहते, त्यात पाच-सहा महिने निघतात. गाडीत आधी काय चढते, शेवटी काय? कोपीत चूल कुठे, तान्ह्या बाळाची झोळी कुठे, बाईला आडोसा कुठे? ‘घर’ आणि ‘प्रवास’ या दोन्ही विषयांना याहून खरा आधार कुठला? मात्र फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सांगणाऱ्या चाचीला तयार काम नेऊन दाखवावे. दुसऱ्याचे कष्ट ही आपली शोभेची वस्तू होऊ नये.

गूळ आणि गंज

प्रयोग म्हणजे काय निघेल हे आधी माहीत नसणे. एक सोपा प्रयोग सांगते. आंध्रातले कलमकारी कारागीर काळा रंग घरीच करतात. गंजलेले लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे मुरत ठेवतात. सुती कापड हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवून वाळवतात. त्या कापडावर मडक्यातले पाणी लावले की फिकट रेघ बघता बघता काळी होते. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड यांचा संयोग होऊन हा रंग येतो.

ऊस आणि कापूस दोन्ही पिकवणाऱ्या मुलखात हे सारे सामान जवळच मिळते. मडक्याचे तोंड फडक्याने बांधावे, घट्ट झाकू नये, कारण आत वायू तयार होतो. स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि लहान मुलांपासून मडके दूर ठेवावे. गुळाचे प्रमाण, मुरण्याचे दिवस, कापडाचा पोत बदलून तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यावर तारीख लिहा. बिघडलेले तुकडेही टाकू नका. परीक्षकांना तेच आधी पाहायचे असतात.

वही आणि घरची साथ

एक जाड कोरी वही करा. डाव्या पानावर पाहिलेली वस्तू : चित्र, माप, जागा, तारीख. उजव्या पानावर तिला विचारलेले प्रश्न. रोज एक वस्तू. महिन्याने सगळी पाने पसरून बघा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली असेल, कुणाकडे गाठी, कुणाकडे तोटी, कुणाकडे ओझे. तिथेच तुमचा विषय आहे.

आता अम्मी-अब्बांसाठी दोन शब्द. मुलगी जुनी भांडी मांडून बसली, अंगणात मडके पुरून ठेवले, तर ‘हा काय पसारा?’ म्हणून रागावू नका. घराचा एक कोपरा तिला द्या. बावडी किंवा किल्ला पाहायचा असेल तर भावाला, खालाला सोबत पाठवा. दादीला सांगा, ‘हिला गोधडीचा टाका शिकवा.’ दादीने सांगितलेले प्रकल्पात आले, तर दादीचे नावही वहीत लिहायला लावा. शहरातल्या मुलांकडे जे नाही ते आपल्या पोरीकडे आहे. ते तिला दिसावे म्हणून थोडा वेळ आणि थोडा विश्वास आपण द्यायचा आहे.