रोमचे गुलाम (लेखांक ९) : जुनी ट्यूनिक परत द्या

गुलाम सोडताना भराव्या लागणाऱ्या पाच टक्के कराबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या विचारतात, रस्त्यात गुलाम ओळखू कसा येई? त्याचा ठरावीक पोशाख होता का? पत्र वाचलं आणि मी केटोचं शेतीवरचं पुस्तक पुन्हा काढून बसलो.

पोशाख नव्हता. टोगा नागरिकाचा खरा, पण रोजच्या कामाला तो कोण घालणार? गरीब नागरिक, सुटका झालेला गुलाम, न झालेला गुलाम, सगळे ट्यूनिकवरच. सेनेका लिहितो, की गुलामांना वेगळा वेश द्यावा असा ठराव एकदा सिनेटमध्ये आला होता. पण वेश वेगळा झाला तर गुलाम आपल्याला मोजू लागतील, हा धोका सभासदांच्या ध्यानात आला. मालकवर्गाची भीती इतकी उघडी मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळाली नाही. सेनेकाने हे तरुण नीरोला दयेचा उपदेश करताना लिहिलं. त्याच नीरोच्या राज्यात, इ.स. ६१ मध्ये, पेदानिउस या मालकाच्या खुनापायी त्याच्या घरातल्या ४०० गुलामांना मृत्युदंड झाला, ते गेल्या वेळी पाहिलंच.

हे झालं शहराचं. शेतावरच्या कपड्यांचा हिशेब केटोने (इ.स.पू. २३४ ते १४९) मांडून ठेवला आहे. साडेतीन फूट लांबीची, म्हणजे जेमतेम मीटरभर ट्यूनिक. घोंगडीवजा सागुम एक वर्षाआड. लाकडी पादत्राणं एक वर्षाआड, तीही चांगली द्यावीत असं तो बजावतो. आणि मग माझं सगळ्यात आवडतं वाक्य येतं. नवा कपडा हातात देण्याआधी जुना परत घ्यावा, त्याचे सेंतो होतील.

सेंतो म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं कापड, आपली वाकळ. काही कोशकार या शब्दाचं नातं संस्कृत ‘कंथा’शी लावतात. बैराग्याच्या खांद्यावरची कंथा आणि इटलीतल्या गुलामाच्या अंगावरचा सेंतो एकाच मुळातले असतील, या कल्पनेने मी कितीतरी वर्षं हरखून जात आलो आहे.

हे सेंतो ठिगळायचे कोणी? ज्याचे त्याने, आणि तेही पावसात. मालक शेतावर येतो, कामं का राहिली म्हणून मुकादमाला विचारतो. मुकादम, जो बहुधा स्वतःही गुलामच, पावसाचं कारण सांगतो. तेव्हा मालकाने काय सुनवावं ते केटो शिकवतो: पावसात पिंपं धुता आली असती, धान्य हलवता आलं असतं, शेण बाहेर काढता आलं असतं, दोर सांधता आले असते, माणसांना आपापले सेंतो शिवता आले असते. आभाळाने दिलेली सुट्टीसुद्धा अशी कामाला लावलेली.

पुढे इ.स.च्या पहिल्या शतकात शेतीवरच लिहिणारा कोलुमेला सेंतोबरोबर बाह्यांची कातडी आणि टोप असलेले झगेही द्यायला सांगतो. का, तेही तो लपवत नाही: अंगावर एवढं असलं की उघड्यावर काम होणार नाही असा दिवसच उरत नाही. पोशाखाबद्दल बोलताना गुलामाचा वारा, थंडी, पाऊस यांपासून बचाव व्हावा असं तो म्हणतो; पण तो बचावही शेवटी कामासाठीच.

या साऱ्या कपड्यांत एकच वस्तू मालकाच्या कोठारातली नव्हती: लोकरीच्या नमद्याची टोपी, पिलेउस. ती डोक्यावर चढे सुटका झाल्यावर. पुढच्या आठवड्यात त्या टोपीपासून सुरुवात करू, आणि राहिलेल्या कराचं तेव्हाच.