बिनड्रायव्हरची गाडी मक्याच्या ओळीत

यंत्राची खरी परीक्षा सरळ ओळीत होत नाही, बांधाला वळताना होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या सज्जातल्या एका आबांनी मक्याची कोळपणी भाड्याच्या छोट्या ट्रॅक्टरने करून घेतली. मधले तण झकास निघाले, पण वळताना बांधाकडची गुडघ्याएवढी झाडे चाकाखाली गेली. "बैलाला सांगावं लागत नव्हतं हो, आपला आपण वळायचा," आबा म्हणाले. भाडे मात्र पूर्ण द्यावे लागले.

तेव्हा मी त्यांना नेदरलँड्समधली एक स्पर्धा सांगितली. शेतकरी बंधूंनाही ती ठाऊक असावी.

माणसाशिवाय चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीचा गाजावाजा झाला तो अमेरिकेत. तिथल्या लष्कराच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोहावे वाळवंटात सुमारे १४२ मैलांची शर्यत लावली. बक्षीस १० लाख डॉलर. एकही गाडी पोचली नाही. सगळ्यात पुढे गेलेली गाडीही साडेसात मैलांच्या आतच अडकून बसली. दीड वर्षाने, ८ ऑक्टोबर २००५ ला, १३२ मैलांचा रस्ता पाच गाड्यांनी पार केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅनली' ६ तास ५४ मिनिटांत आली आणि २० लाख डॉलर घेऊन गेली. मोठीच गोष्ट, पण तिथे चाकाशेजारी पीक उभे नव्हते.

पीक उभे असते ते 'फील्ड रोबोट इव्हेंट'मध्ये. वाखेनिंगनच्या कृषी विद्यापीठात २००३ साली ही स्पर्धा सुरू झाली आणि नंतर जर्मनी, डेन्मार्क, इंग्लंड अशी फिरत राहिली. विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवलेली छोटी गाडी मक्याच्या दोन ओळींमधून सोडायची. ओळींतले अंतर ७५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडे उशिरा येणाऱ्या मक्याला शिफारस आहे तेवढेच. वेळ साधारण तीन मिनिटे. ओळ वाकडी असते. शेवटाला गेल्यावर गाडीने आपणच वळून पुढच्या ओळीत शिरायचे. नुसते शेजारच्या नाही, कधी दोन ओळी सोडून तिसऱ्या ओळीत जा, असाही हुकूम असतो. मधे मुद्दाम नांग्या ठेवतात. उगवण विरळ झाली की आपलाही तास चुकतो, तसेच तिथे.

यात उपग्रहाचा आधार घ्यायला सहसा परवानगी नसते. तसाही साधा जीपीएस दोन-तीन मीटर चुकतो. एवढ्यात गाडी तीन ओळी पलीकडे जाईल. म्हणून कॅमेरा किंवा लेसर किरण लावून दोन्ही बाजूंची झाडे हेरावी लागतात. वाऱ्याने पान आडवे आले की गाडीला तो अडथळा वाटतो, ती थांबते. ओल्या मातीत चाक जागीच फिरले की अंतराचा हिशेब चुकतो. मग वळण लवकर तरी घेतले जाते, नाहीतर उशिरा. बांधाशी आपल्या ट्रॅक्टरवाल्याचे जे होते तेच.

मला आवडला तो गुणांचा हिशेब. अंतर कापले की गुण, गाडीला हात लावून सरळ करावी लागली की कपात, आणि झाड मोडले की त्याचीही कपात. नुसता वेग दाखवून भागत नाही. आपल्या प्रदर्शनांत यंत्र रिकाम्या मैदानात पळवून दाखवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. उभ्या पिकात चालवून मोडलेली झाडे कोणी मोजलेली मी तरी पाहिली नाहीत.

या गाड्या अजून तरी मजूर मिळत नाही म्हणून उद्या भाड्याने आणाव्यात अशा नाहीत, हे मी आबांना सांगून टाकले. त्यांचे लक्ष गाडीकडे नव्हतेच. "झाड मोडलं की गुण कापतात म्हणता?" त्यांनी दोनदा विचारले.

गेल्या खरिपात भाडे ठरवतानाच त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला अट घातली: मोडलेल्या झाडामागे एक रुपया कमी. तो हसला. पण बांध आला की गियर उतरवून सावकाश वळत होता, आणि आबा मागे चालत झाडे मोजत होते.