‘सडा’ आणि ‘पोटखराब’ : रत्नागिरी जिल्ह्यातील एका भूरूपाच्या दोन संज्ञा

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्र व सह्याद्री यांच्या दरम्यान जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. बोलीत त्यांस ‘सडा’ म्हणतात. रत्नागिरी शहरालगतच्या सडामिऱ्या या ग्रामनामात हा शब्द रुजलेला आहे. सरकारी दप्तरात मात्र याच जमिनीची नोंद पुष्कळ ठिकाणी ‘पोटखराब’ अथवा ‘पडीक’ अशी आढळते. सड्यांच्या संरक्षणाचा प्रश्न या संज्ञाभेदाशी निगडित आहे.

‘पोटहिस्सा’, ‘पोटकलम’ यांतील ‘पोट’ म्हणजे अंतर्गत. तद्वत् ‘पोटखराब’ म्हणजे भूमापन क्रमांकातील लागवडीस अयोग्य, म्हणून शेतसारा न बसणारे क्षेत्र. येथे कसोटी पिकाची असून तेवढ्यापुरती ती यथार्थही आहे. परंतु व्यवहारात ‘पिकास अयोग्य’ याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा होऊ लागतो आणि चिरेखाण वा बांधकाम यांसाठी तीच जमीन प्रथम सुचते.

वस्तुतः सडा ओसाड नाही. उन्हाळ्यात काळाकरडा दिसणारा कातळ पावसाच्या आरंभीच पालटतो. कोकणपट्टीची प्रदेशनिष्ठ अशी कोकण दीपकाडी जूनमध्ये पांढऱ्या फुलांनी बहरते. पुढे सीतेची आसवे उमलतात. मातीतील नत्राची उणीव ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. कशेळी, उक्षी, बारसू येथील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

शिल्पांकडे असे लक्ष वेधले गेले, तरी ज्या सड्यावर ती कोरलेली आहेत त्याचा विचार स्वतंत्रपणे होणे अगत्याचे आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्या लोक जैवविविधता नोंदवही तयार करतात. तीत स्थानिक नावांस व परंपरागत ज्ञानास स्थान आहे. कोणत्या सड्याखालील झरा कधीपर्यंत वाहतो, गुरे कोठे चरतात, कोणती रानभाजी कोठे उगवते, हे सारे तीत नोंदविता येते. तथापि ही नोंदवही आणि सातबारा ही दोन निरनिराळी दप्तरे होत. जमिनीच्या वापराचा निर्णय करताना दुसऱ्याबरोबर पहिलेही उघडले गेले, तरच ‘सडा’ या शब्दात साठलेले ज्ञान सड्याच्या उपयोगी पडेल.