पिकअपला टायर घेताना : आधी वजन, मग नक्षी

जळगाव-धुळे जिल्ह्यांत आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी एका पिकअपवर चालते. रावेर-यावलची केळी शेतातून काढायची, जामनेर-पाचोऱ्याचा कापूस पोचवायचा, साक्री-पिंपळनेरकडचा कांदा बाजारात आणायचा, ही त्यांची कामे. डांबरी रस्त्यावर कोणतीही गाडी चालते. खरी कसोटी शेतापासून डांबरीपर्यंतच्या एक-दोन किलोमीटरची असते. पावसाळ्यात तेथे गाडी रुतली की दिवसाचे भाडे बुडते, ओढायला ट्रॅक्टरचे पैसे जातात आणि कापलेली केळी बांधावर पडून राहते. म्हणून अनेकांना जाड गोटीच्या, मोठ्या टायरचा मोह होतो. हा मोह कितपत फायद्याचा आहे, ते आज पाहू.

आमच्याकडील बहुतेक गाड्या कंपनीतून आल्या तशाच असतात. पाटे चढवून उंची वाढवलेली नसते. अशा गाडीत मोठ्या टायरला जागाच कमी असते. हिशेब करून पाहा. २१५/७५ आर १५ या मापात २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची आणि १५ म्हणजे रिमचे इंच. या टायरची एकूण उंची सुमारे ७०४ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला तर उंची सुमारे ७३४ मिलिमीटर होते. फरक ३० मिलिमीटरचा. पण चाकाचा मध्य वर जातो तो त्याच्या निम्म्याने, म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम दीड सेंटिमीटर. त्यासाठी रुंद टायर भरल्या गाडीत मडगार्डला घासण्याचा धोका घ्यायचा, इंजिनवर जादा ताण द्यायचा, आणि मीटर ताशी ६० दाखवत असताना प्रत्यक्षात गाडी ६२-६३ ने पळवायची. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा आडवा येऊ शकतो. तेव्हा माप मूळचेच ठेवावे.

दुसरी गोष्ट वजनाची. टायरच्या बाजूवर मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजन सांगतो, अक्षर वेग. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,००० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. आपल्याला किती हवे, हे अंदाजाने ठरवू नये. नेहमीचा माल भरून गाडीची फक्त मागची चाके वजनकाट्यावर घ्यावीत आणि आलेल्या वजनाला दोनने भागावे. काटा २,००० किलो दाखवत असेल तर १०८ पेक्षा कमी आकड्याचा टायर त्या गाडीसाठी नाही, मग त्याची नक्षी कितीही दणकट दिसो. जीपसाठी बनवलेले काही गोटीदार टायर दिसायला भक्कम असतात, पण ते मालासाठी नसतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. जादा वजन आणि कमी हवा यांनी तापलेला टायर अशा वेळी भर रस्त्यात फुटतो. यात नुसता माल जात नाही, माणूस जातो.

आता नक्षी. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत घट्ट बसते. खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत टायरसारखा घसरतो. रुंद, उघड्या खाचांतून चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. लग टायरचा फायदा तो एवढाच. डांबरीवर मात्र तोच टायर आवाज करतो, लवकर झिजतो आणि डिझेल जास्त खातो. बहुतेक पिकअपना जोर मागच्या चाकांवर असतो. म्हणून मागे लग किंवा सेमी-लग आणि पुढे सरळ रेघांचा रिब टायर, ही जुनी जोडी आजही सर्वांत स्वस्त आणि शहाणपणाची आहे. पिंपळनेरच्या डोंगरी भागात चिखलापेक्षा दगड त्रास देतो. तेथे खोल नक्षीपेक्षा जाड बाजूचा टायर पाहावा. एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे आणि जातीचे असावेत. मात्र मागचा डिफरन्शियल चिखलाला टेकला की कोणताही टायर गाडी काढत नाही. तेव्हा माल बांधावरून ट्रॅक्टरने आणणेच स्वस्त पडते.

स्वस्त म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यावे. समजा एक टायर ८,००० रुपयांचा असून ५०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १६ पैसे पडले. दुसरा ७,००० चा, पण २८,००० किलोमीटरच चालला, तर २५ पैसे पडले. हजार रुपये वाचवणारा तोट्यात गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल घ्यावे, म्हणजे वॉरंटीही मिळते. चारही टायर व्याजाच्या हप्त्यावर घेण्यापेक्षा आधी मागची जोडी रोखीने घ्यावी आणि पुढची पुढच्या हंगामात.

रिमोल्ड टायर मागच्या चाकाला चालतो, पण त्याचा मूळ सांगाडा धड असला पाहिजे. बाजूला चिरा किंवा फुगवटा नको. पुढच्या चाकाला रिमोल्ड लावू नये, कारण स्टिअरिंग तेथे असते. टायरवरील चार आकडी तारीखही वाचावी : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की तो टायर कायद्यानेही बाद होतो.

जुन्या टायरच्या दुकानदार बांधवांनाही एक सांगणे आहे. झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून, काळे पॉलिश मारून तो विकणे म्हणजे ढिगाखाली ओले धान्य लपवण्यासारखेच आहे. अशा व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात काय सुनावले होते, ते आपण सर्व जाणतो. दोष सांगून विकलेल्या मालात नफा थोडा कमी असेल, पण बरकत त्यातच आहे. आणि घेणाऱ्याने दुकानात शिरण्यापूर्वी वजनकाट्याची पावती खिशात ठेवावी. टायर कोणता घ्यायचा, ते ती पावतीच सांगेल.