सँडर तापतोय? हात सैल सोडा

दिवाळीआधी जुन्या फर्निचरला पॉलिश करायचे म्हणून हौसेने विजेचा सँडर आणला जातो. पण थोड्याच वेळात तो हातात धरवत नाही इतका तापतो आणि यंत्रच वाईट निघाले, असे सारे म्हणू लागतात. बहुतेक वेळा खरा दोषी असतो वरून जोर लावणारा हात!

सँडरच्या मोटरवरच तिला थंड ठेवणारा पंखा बसवलेला असतो. यंत्र दाबले की मोटर मंदावते, तिच्याबरोबर पंखाही. वीज मात्र जास्त ओढली जाते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी वारा कमी. घासण्यासाठी यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. पॉलिश पेपर गुळगुळीत झाला की बदला. कागद वाचवून मोटर जाळण्यात कसली आली काटकसर? आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, शेवटी १८०.

सँडर नुसता तापला असेल तर लाकडावरून उचलून एक-दोन मिनिटे मोकळा चालवा. पंखा आतली गरम हवा बाहेर फेकेल. जळका वास किंवा धूर आला, तर मात्र तत्काळ बंद करून प्लग काढा आणि यंत्र मेकॅनिकला दाखवा. मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर बहुधा कार्बन झिजलेले असतात. हवेच्या फटींतला भुसा, प्लग काढूनच, कोरड्या ब्रशने झाडा.

भुशाच्या पिशवीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या पॉलिशचा भुसा आतल्या आत तापून पेटू शकतो. काम थांबताच ती घराबाहेर रिकामी करा. भरलेली पिशवी रात्रभर माळ्यावर ठेवू नका.