शुभ्र क्रौंचाचा शोध

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव घना उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे. पण सैबेरियन क्रौंच पाहू इच्छिणारा मनुष्य हिवाळ्यात तेथेच जात असे. शोध सोपा नव्हता. उथळ पाण्यात बगळे पांढरे, दर्विमुखही पांढरे. आणि क्रौंचाच्या पंखांची काळी टोके तो उडाल्याखेरीज दिसत नाहीत. म्हणून जाणता निरीक्षक चेहऱ्याकडे पाही. चोचीच्या मुळापासून डोळ्यांमागपर्यंत पिसे नसलेली लाल कातडी, आणि चिखलात डोके खुपसून लव्हाळ्यांचे कंद तासन्‌तास उकरण्याची चिकाटी, ही त्याची ओळख. या कंदांपर्यंत चोच पोहोचेल इतपतच पाणी असावे लागते; तळे आटले की पक्ष्याचे अन्नही हिरावले जाते.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच होते. ओब नदीच्या खोऱ्यातून येताना अफगाणिस्तान व पाकिस्तान येथे त्यांची शिकार होई. संख्या घटत गेली, आणि २००२ साली अखेरची जोडी दिसली.

क्रौंचाचे पिलू प्रवासाची वाट आईबापांमागे उडून शिकते. (स्थलांतर हे सर्वस्वी उपजत असते, असे आपण लेखक किती सहज लिहून जातो!) १९९० नंतरच्या दशकात बंदिवासात वाढविलेले क्रौंच घनात सोडून पाहिले, ते रानटी क्रौंचांबरोबर उत्तरेस गेले नाहीत. वाट जाणणारी जोडी गेली, तशी वाटही गेली.

ही जात आज मुख्यतः चीनमधील पोयांग सरोवराच्या परिसरात हिवाळा काढते.