पालेभाजी थुंकणाऱ्या पिल्लाला लोह कसं द्यायचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची दोन तृतीयांशाहून अधिक मुलं रक्तक्षयी आढळली. आकडा खरोखर अस्वस्थ करणारा आहे.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ८ मिलिग्रॅम लोह लागतं. पालक समोर आला की तोंड फिरवणाऱ्या मुलासाठी बाजरी हा उत्तम मार्ग. बाजरीच्या पिठाचं छोटं गोड थालीपीठ किंवा तूप लावलेली मऊ भाकरी बरीच मुलं आवडीने खातात. राजगिऱ्याचा लाडू, अळिवाची खीर, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ हेही चालतं.

पण वनस्पतीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. क जीवनसत्त्व इथे मोठी मदत करतं: उसळीवर लिंबू पिळावं, जेवणासोबत पेरूची किंवा संत्र्याची फोड द्यावी. आमटी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिथूनही मिळतं. मांसाहारी घरात मटण, कलेजी सर्वांत सहज पचणारं लोह देतात.

आणि चहा? लहान मुलांना तो देऊच नये, त्यातले घटक लोह अडवतात. दूधही अर्ध्या लिटरच्या आत ठेवावं. त्याने पोट भरतं, लोह मात्र नगण्य मिळतं.

मूल फिकट, सुस्त दिसलं किंवा माती खाऊ लागलं, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.